स्क्रू कुणी आवळले?

रिमोटवर धावणाऱ्या नायट्रो ट्रकची खोकी दोन प्रकारची येतात. एकात ट्रक जोडून, रंगवून तयार असतो. इंधन भरा, रिमोटमध्ये सेल टाका आणि पळवा. दुसऱ्या खोक्यात ट्रक नसतोच. असतात नंबर टाकलेल्या पिशव्या, शेकडो स्क्रू, बेअरिंगं, दातेरी चक्रं, ॲल्युमिनियमची चॅसिस आणि एक पुस्तिका, ज्यात शब्द कमी आणि आकृत्या जास्त. बऱ्याच किटमध्ये इंजिन नसतं, रिमोट नसतो, वरची बॉडीही बिनरंगाची पारदर्शक असते. ते सगळं वेगळं घ्यायचं. म्हणजे पैसे देऊन अर्धवट वस्तू विकत घ्यायची आणि दहा-पंधरा संध्याकाळी तिच्यावर घालवायच्या.

शेलूबाजारात बसून या विषयावर लिहिणं काहींना गमतीचं वाटेल. पण ट्रक हा आमच्या गावाला परका विषय नाही. जुना नागपूर–औरंगाबाद रस्ता आणि अकोला–मंगरूळपीर रस्ता आमच्या चौकात एकमेकांना भेटतात. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला आणि लांबच्या गाड्या तिकडे वळल्या, तरी चौकाच्या आसपास वाढलेल्या पिढीच्या हाताला ग्रीसचा वास आहेच. त्यातली काही पोरं आता मोबाईलवर या चिमुकल्या ट्रकांचे व्हिडिओ बघतात. कुणाचा भाऊ दुबईला असतो, कुणाचा पुण्यात कामाला. "चाचा, मागवायचाच झाला तर कोणता मागवायचा?" असं मला दोघा-तिघांनी विचारलं. माझं उत्तर किट असं आहे. ते का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण यात खेळण्यापेक्षा मोठं काहीतरी अडकलेलं आहे.

आधी तयार ट्रकची बाजू, कारण ती कमजोर नाही. सगळं धरून हिशेब केला तर तो बहुतेक वेळा स्वस्त पडतो. नवशिक्याने चुकीचा जोडण्यापेक्षा कारखान्याने बरोबर जोडलेला बरा, हेही खरं. या छंदाचा इतिहासही त्याच दिशेने गेला आहे. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ ही आपली पहिली रिमोट गाडी काढली, ती किट म्हणून. गाडी म्हणजे जोडायची वस्तू, हे तेव्हा गृहीतच होतं. १९९९ मध्ये अमेरिकेच्या ट्रॅक्ससने टी-मॅक्स हा नायट्रो ट्रक आणला तो थेट पळवायला तयार, आणि तो तुफान चालला. आज बहुतेक गिऱ्हाईक तयारच घेतं. शिवाय बॅटरीवरच्या गाड्या इतक्या वेगवान झाल्या आहेत की नायट्रोचा धूर, आवाज आणि कटकट कशाला, असंही विचारता येतं.

पण त्या कटकटीतच सगळं शिक्षण आहे.

नायट्रो इंजिन म्हणजे अडीच ते पाच सीसीचं टू-स्ट्रोक. ज्यांनी लूना चालवली आहे, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं आहे, त्यांना त्याचा स्वभाव अर्धा आधीच ठाऊक आहे. फरक इतका की इथे पेट्रोल नसतं. इंधनात मुख्यतः मिथेनॉल, सोबत नायट्रोमिथेन आणि वंगणासाठी तेल, पुष्कळदा एरंडीचं. ठिणगी टाकणारा प्लगही नसतो. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमच्या तारेचं वेटोळं असतं. सुरू करताना ते बॅटरीने तापवायचं. एकदा इंजिन धरलं की मिथेनॉलची वाफ आणि प्लॅटिनम यांची रासायनिक क्रिया, शिवाय आतल्या जळण्याची उष्णता, यांच्या जोरावर तार लाल राहते. बॅटरी काढून घेतली तरी इंजिन मिनिटाला तीस हजारांच्या वर फेरे घेत राहतं. पिस्टनला रिंग नसते. सिलिंडरचा लायनर वरच्या टोकाला केसभर अरुंद केलेला असतो आणि पिस्टन तिथे घट्ट बसतो. इंजिन तापलं की लायनर फुगतो आणि माप जमतं. म्हणून नवं इंजिन पहिल्या काही टाक्या जास्त इंधनावर, धूर काढत, सबुरीने चालवावं लागतं. आपल्याकडे नव्या गाडीच्या काचेवर 'रनिंग इन' लिहायचे, त्याचाच हा छोटा भाऊ.

आता किट जोडणाऱ्याच्या हाती काय लागतं ते बघा. डिफरन्शियल तो स्वतः भरतो. आतली छोटी चक्रं बसवतो, सिलिकॉनचं दाट तेल ओततो, आणि एक चाक हाताने फिरवलं की दुसरं उलटं का फिरतं ते डोळ्यांनी पाहतो. आमच्या चौकातली पोरं क्राऊन-पिनियन रोज उघडतात, पण वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं म्हणून हा सगळा खटाटोप आहे, हे त्यातल्या कितींना कुणी समजावून सांगितलं असेल? क्लचमध्ये दोन-तीन शू आणि त्यांच्या स्प्रिंगा असतात. फेरे वाढले की शू बाहेर फेकले जाऊन घंटीला चिकटतात आणि ट्रक निघतो. दोन चक्रांच्या दातांत किती फट ठेवायची, यासाठी एक पातळ कागदाची पट्टी मध्ये घालून चक्रं दाबायची, इंजिन आवळायचं आणि कागद फिरवून काढून घ्यायचा. कागद फाटला तर चक्रं फार घट्ट, नुसता चुरगळून आला तर ठीक. धातूत जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळ्या लॉकिंग द्रवाचा थेंब, नाहीतर इंजिनाच्या थरथरीने तो पाचव्या मिनिटाला रस्त्यावर.

तयार ट्रकमध्येही हे सगळं असतंच. तो स्क्रू कुणीतरी आवळलेला असतो. फक्त तो कुणी, किती आणि का आवळला, हे आपल्याला माहीत नसतं. नायट्रो ट्रक आज ना उद्या उघडावाच लागतो, आणि तेव्हा तयार घेणारा अनोळखी घरात शिरल्यासारखा चाचपडतो.

यावर गॅरेजमधली पोरं हसतात, तेही सांगायला हवं. त्यांच्या मते किट म्हणजे पोरखेळ. पार्ट दुसऱ्याने बनवले, भोकं दुसऱ्याने पाडली, तुम्ही फक्त पाना फिरवला. यात कारागिरी कुठली? खरं काम म्हणजे भंगारातून उभं केलेलं. त्यांच्या बोलण्यात वजन आहे. आपल्याकडे ट्रक वर्षानुवर्षं नुसती चॅसिस म्हणून यायचा. फाळका, लाकडी पाट्या, कित्येकदा केबिनसुद्धा स्थानिक कारखान्यात चढायची. मुस्लिम समाजातले किती सुतार, लोहार, पेंटर, वेल्डर त्या चॅसिसवर जगले! एका अर्थाने हिंदुस्थानातला प्रत्येक ट्रक किटच होता. आता कंपनीतूनच पूर्ण बांधून आलेल्या गाड्या वाढल्या आणि ते काम आटत चाललं आहे.

पण त्या परंपरेत एक उणीव होती, आणि तिच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. उस्तादाच्या हातात जे होतं ते कागदावर कधी उतरलं नाही. शागीर्द बारा वर्षांचा असताना यायचा, पाने उचलून द्यायचा, शिव्या खायचा आणि बघून बघून शिकायचा. 'का' विचारायची सोय नव्हती. उस्ताद गेला की अर्धी विद्या त्याच्याबरोबर जायची. दुसरीकडे शाळेत जाणाऱ्या पोराच्या वहीत टू-स्ट्रोक इंजिनाची सुंदर आकृती, पण त्याने आयुष्यात प्लग उघडलेला नाही. हात एकीकडे, कागद दुसरीकडे. किटमध्ये ही दोन्ही एकाच टेबलावर येतात. आकृती वाचता येणं, हा भाग डावा की उजवा हे ओळखणं, तीन मिलिमीटरचा स्क्रू दहा लांबीचा की बारा हे मोजून घेणं, ही कारखान्याची भाषा आहे. ती न येणारा कितीही हुशार असला तरी हेल्परच राहतो.

या ठिकाणी मला अल-जजरी आठवतो. बदीउज्जमां इस्माईल अल-जजरी, बाराव्या-तेराव्या शतकातला, दियारबकरच्या दरबारी असलेला यंत्रकार. १२०६ साली त्याने आपल्या यंत्रांचा ग्रंथ पुरा केला. आपल्या व्हॉट्सॲप गटांवर त्याचं हत्तीचं घड्याळ दर दोन महिन्यांनी फिरतं, खाली 'आमचे पूर्वज' असं काहीतरी लिहिलेलं. ते पाठवणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असतं की त्या ग्रंथाचं मोठेपण नुसत्या कल्पनांत नाही? पाण्याची घड्याळं, पंप, कारंजी यांच्याबद्दल अल-जजरी आकृत्या देऊन, माप सांगत, कोणता भाग कसा घडवायचा आणि कुठे बसवायचा हे क्रमाने लिहितो. वाचून दुसऱ्या कारागिराला ते उभं करता यावं, हा त्याचा हेतू स्पष्ट दिसतो. किटची पुस्तिका म्हणतात ती हीच जात. आपण त्याच्या नावाचा अभिमान ठेवला आणि त्याची सवय सोडली. मापाची गोष्ट तर त्याहून जुनी आहे. कुरआनात सूरह सबामध्ये हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा उल्लेख येतो, तिथे चिलखत घडवण्याबरोबर कड्यांचं माप नीट राखण्याचीही आज्ञा आहे. जुम्म्याच्या बयानात यातलं लोखंड ऐकायला मिळतं, माप क्वचित.

आता ज्या गोष्टीमुळे हे सगळं लिहावंसं वाटलं, तिच्याकडे येतो.

आमच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यात फुलसावंगी आहे. तिथला शेख इस्माईल आठवीपर्यंत शिकलेला, पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम करणारा, चोवीस वर्षांचा तरुण. त्याने मारुती ८०० चं इंजिन वापरून हेलिकॉप्टर बांधलं. यूट्यूब पाहून, कमाईतले पैसे घालून, दोन वर्षं खपून. नाव ठेवलं 'मुन्ना हेलिकॉप्टर'. स्वातंत्र्यदिनाला गावासमोर उडवून दाखवायचा बेत होता. १० ऑगस्ट २०२१ च्या रात्री चाचणी घेताना मागच्या पंख्याचं पातं तुटलं, ते वरच्या मोठ्या पंख्यावर आदळलं आणि मोठ्या पंख्याचा तडाखा आत बसलेल्या इस्माईलच्या डोक्याला बसला. तो वाचला नाही.

त्यानंतर आपल्याकडे दोन प्रकारचं लिहिलं गेलं. एक, 'गुणी पोराला कुणी मदत केली नाही' अशी हळहळ. दुसरं, 'आठवी पास पोराने कशाला नको ते धाडस करावं' असा उपदेश. पहिल्यात खरं बरंच आहे, दुसऱ्यात माणुसकी कमी आहे. पण मधला प्रश्न दोघांनीही सोडून दिला. पत्र्याची कपाटं आणि माणूस बसेल असं हेलिकॉप्टर, या दोन्हींच्या मध्ये त्याच्यासाठी पायरी कुठे होती?

मॉडेल हेलिकॉप्टरचं किट जोडणारा पोरगा पहिल्याच आठवड्यात पात्यांची जोडी काट्यावर तोलतो. एका पात्यात किंचित वजन जास्त असलं की थरथर किती वाढते, हे तो बघतो. थरथरीने शेपटीकडचा भाग कसा खिळखिळा होतो, स्क्रू कसे सुटतात, पातं फुटलं तर तुकडा किती लांब उडतो, हेही तो बघतो, आणि तेव्हा तो दहा पावलं दूर उभा असतो. रिमोट ही चैनीची वस्तू वाटते. पण यंत्र चुकलं तर बनवणाऱ्याचं डोकं तिथे नसावं, याचीच ती व्यवस्था आहे. राइट बंधूंनीही १८९९ मध्ये पतंगापासून सुरुवात केली, मग ग्लायडर, मग १९०१ मध्ये घरीच वाऱ्याचा बोगदा करून पंखांची छोटी मॉडेलं तपासली. इंजिनाचं उड्डाण १९०३ मध्ये. ते दोघे सायकलवाले होते, कॉलेजात गेलेले नव्हते, म्हणून उदाहरण मुद्दाम देतो.

किट जोडून माणूस विमानकार होतो, असा माझा दावा नाही. आणि इस्माईलच्या हाताशी किट असतं तर तो आज असता, असं म्हणण्याचा हक्क कुणालाच नाही. पण छोट्यावर चुकायची सोय असणं आणि नसणं यात फरक आहे, आणि ती सोय आपल्या तालुक्यांत नाही. अमेरिकेत तर माणूस उडवणाऱ्या विमानांचीही किटं मिळतात, हेलिकॉप्टरचीही. तिथला कायदा सांगतो की विमानाचा निम्म्याहून मोठा भाग बांधणाऱ्याने स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा छंदासाठी घडवलेला असेल, तर ते वेगळ्या वर्गात नोंदता येतं. तपासणी होते, अटी असतात. म्हणजे किट जोडणं हे शिक्षण आहे, असं तिथे कायद्यातच मानलं आहे.

आपल्याकडे काय होतं त्याचं एक बोलकं उदाहरण सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेचं. दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रा यांनी तिचं कौतुक केलं. नियमात बसत नसल्याने आज ना उद्या ती रस्त्यावरून उतरवली जाईल, म्हणून बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. पुढच्याच महिन्यात अदलाबदल झाली. महिंद्रांचं मन मोठं, त्यात शंका नाही, आणि लोहार कुटुंबाला गाडी मिळाली याचा आनंदच आहे. पण गोष्टीचा शेवट बघा: हाताने बनवणाऱ्याला बक्षीस म्हणून तयार गाडी! त्यांना दोन लेथ, एक ड्रॉइंग बोर्ड आणि पाच शिकाऊ पोरं मिळाली असती, तर मला जास्त बरं वाटलं असतं.

सरकारने अगदीच काही केलं नाही, असंही नाही. अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून शाळांत टिंकरिंग लॅब दिल्या, एका लॅबला २० लाखांपर्यंत अनुदान. एका शाळेतली मी पाहिली आहे. किटं काचेच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांकडे. पार्ट हरवले तर हिशेब कोण देणार? दुसरीकडे २०२० मध्ये परदेशी खेळण्यांवरचं आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. देशी खेळण्यांच्या धंद्याला आधार म्हणून ते समजण्यासारखं आहे. पण खुळखुळा आणि यंत्राचं किट एकाच तराजूत तोलल्यावर शेलूबाजारच्या पोराला किट परवडणार कसं? जुन्या मोटारसायकलच्या पैशात एक खेळणं कुठलाही बाप घेऊन देणार नाही. माझ्या अब्बांनीही दिलं नसतं.

म्हणून किट एकट्याने घेऊच नये, असं माझं मत आहे. तयार ट्रक एकाचा असतो. किट दहा जणांचं होऊ शकतं, कारण ते जोडून झालं की परत उघडता येतं. पहिल्या तुकडीने जोडायचं, दोन महिने पळवायचं, शेवटचा स्क्रू काढून पिशव्यांत नंबरवार भरायचं आणि पुढच्या तुकडीच्या हाती द्यायचं. आपल्या अंजुमनी आणि जमाती दरवर्षी गुणवंतांच्या सत्कारात ट्रॉफ्या वाटतात, त्या वर्षभरात कपाटाच्या वर धूळ खातात. दोन वर्षांच्या ट्रॉफ्यांच्या पैशात एक किट येईल. ते आयटीआयच्या पोरांसाठीच हवं असंही नाही. गॅरेजच्या दारात आपल्या मुलींना बसायला जागा नाही, हे सगळ्यांना माहीत आहे, आणि ते बदलायला वेळ लागेल. किट मात्र घरात, जेवणाच्या दस्तरखानावर जुनं वर्तमानपत्र अंथरूनही जोडता येतं. दहावीतली मुलगी डिफरन्शियल भरेल आणि तिचा गॅरेजवाला भाऊ ते बसवताना तिला विचारेल, हे मला फार अशक्य वाटत नाही.

सुरुवात नायट्रोनेच करा, असंही म्हणत नाही. अठराच्या आतल्यांनी बॅटरीवरचं किट घ्यावं. गिअर, डिफरन्शियल, सस्पेन्शन तिथेही तेच असतं. इंजिन शिकायचं असेल तर गावात पाच-दहा घरी बंद पडलेले टू-स्ट्रोक फवारणी पंप आहेत, ते आधी उघडावेत. त्याला खर्च नाही. पुस्तिकेतली सुट्या भागांची मोठी आकृती मात्र झेरॉक्सवाल्याकडून चौपट करून भिंतीवर लावावी आणि चौकातल्या एखाद्या जुन्या उस्तादाला बोलावून बसवावं. तो आकृती न बघता चूक सांगेल, पोरं आकृती बघून त्याला 'का' विचारतील, आणि थोडी वादावादी होईल. नायट्रोची पाळी आली की सोयाबीन निघाल्यावरचं मोकळं वावर बघावं, वस्तीपासून लांब. मिथेनॉल पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो, आणि उन्हात त्याची ज्योत दिसत नाही. तेव्हा पाण्याची बादली शेजारी आणि इंधनाचा डबा उस्तादाच्या कुलपात.